सुटा धातू

नळीतला रंग पिवळाच राहायला हवा होता. निनिंगने ती खिडकीपाशी नेली, मागे पांढरा कागद धरला. जांभळट झाक चढतच होती.

तिने नवी नळी घेतली, ताज्या पाण्यात पिवळा रंग घातला, औषधाच्या कुपीतला दुसरा थेंब टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्या नळीतही जांभळंच.

बांदुंग शहरातल्या या प्रयोगशाळेत निनिंग सुकार्सिहची बावीस वर्षं एकाच रेणूमागे गेली होती. पोटातला रोग एमआरआय या चुंबकी यंत्राच्या चित्रात उजळून दिसावा म्हणून रक्तात गॅडोलिनियम नावाचा धातू सोडतात. सुटा असला तर तो विषारी, म्हणून त्याच्याभोवती रेणूचा पिंजरा बांधायचा. काम झालं की पिंजऱ्यासकट तो शरीराबाहेर. निनिंगचा पिंजरा यकृतात जरा जास्त रेंगाळायचा आणि तिथली बारीक गाठही दाखवायचा. उंदीर झाले, ससे झाले. आज साडेनऊला पहिल्यांदा माणसाला टोचायचं होतं.

आणि जांभळ्या रंगाचा अर्थ एकच होता: धातू पिंजऱ्यातून सुटत होता.

आठ पन्नास झाले होते. तिने चाचणी घेणाऱ्या डॉक्टर हिल्मानना इस्पितळात फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. ते यंत्राच्या खोलीत फोन नेत नसत.

प्रयोगशाळेत ती एकटीच होती. नळी मोरीत ओतली तर कुणाला कळणार होतं? तीन आठवड्यांपूर्वी हीच चाचणी स्वच्छ पिवळी आली होती, वहीत तशी तिचीच सही होती. एवढ्याशा औषधाने कदाचित काही होणारही नाही. त्या ‘कदाचित’पाशी ती अडखळली, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

रंगाची बाटली आणि दोन नळ्या पिशवीत टाकून ती खाली धावली. फाटकाशी भाड्याची मोटारसायकल घेऊन उजांग बसला होता. सगळ्यांसारखा तोही तिला ‘बू’, म्हणजे बाई, म्हणायचा.

"बू निनिंग, पायात दोन वेगळ्या चपला आहेत."

"असू देत. साडेनऊच्या आत इस्पितळ गाठायचंय."

"या गर्दीत? उडावं लागेल."

"मग उड."

दागो रस्त्याच्या उतारावर गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या. उजांग फूटपाथवरून घालत होता, लोक शिव्या देत होते. निनिंगला मात्र एकच चेहरा दिसत होता. आज पहिली सुई घेणारी एन्तिन, पंगालेंगानच्या मळ्यात चहा खुडणारी, यकृतात गाठीची शंका असलेली. संमतीचा कागद समजावून सांगताना ती मध्येच म्हणाली होती, "तुम्ही स्वतः बनवलंय ना बू? मग झालं." तेव्हा निनिंग सुखावली होती. आता ते वाक्य आठवून तिने उजांगच्या खांद्यावर थाप मारली, अजून जोरात.

यंत्राच्या खोलीच्या दारात नर्सने तिला अडवलं. "लोखंडाचं काही आत नेऊ नका, बू." निनिंगने घड्याळ काढलं, केसांतल्या पिना उपटल्या आणि मोकळ्या केसांनी आत शिरली. एन्तिन आडवी होती. हातात सुई बसवलेली, बाजूला भरलेली सिरिंज.

"थांबा. टोचू नका."

हिल्मान वळले. "काय झालं?"

तिने सांगितलं. शब्द मागेपुढे होत होते.

"एका नळीच्या रंगावरून? बू, परवानगी मिळवायला तीन वर्षं गेलीत."

"त्या सिरिंजमधला एक थेंब द्या."

बाहेरच्या टेबलावर तिने थेंब टाकला. रंग पिवळा दिसला. क्षणभर तिला वाटलं, देवा, मीच चुकले असेन. मग तळाकडून जांभळं चढायला लागलं.

हिल्मान नळी घेऊन उजेडात गेले. आवाज खाली आणून म्हणाले, "हे लिहिलं की चाचणी बंद. पुन्हा सुरू व्हायला दोन वर्षं तरी. तुमच्या निवृत्तीला उरलेत आठ महिने. आमच्या फ्रीजमध्ये बिघडलं असंही म्हणता येईल."

"माझ्याकडची कुपीही अशीच झालीय. औषधाची आम्लता बेतण्यात मी चुकले असणार. लिहा तसं."

त्यांनी लिहिलेल्या कागदावर तिने सही केली.

एन्तिन बाहेरच्या बाकावर बसली होती, कोपरात कापूस धरून.

"माझ्यात काही वाईट निघालं का?"

"तुमच्यात नाही. माझ्या औषधात. चूक माझी आहे, मला माफ करा."

"अंगात गेलं थोडं?"

"एक थेंबही नाही."

एन्तिनने डोळे मिटून श्वास सोडला. "आणि माझी गाठ?"

"उद्या नेहमीच्या औषधाने बघतील. ते खूप वर्षं वापरात आहे."

"म्हणजे आता खाल्लं तर चालतंय? रात्रीपासून पोटात पाणी पण नाही."

दोघी उपाहारगृहात गेल्या. नारळाच्या रश्श्यातल्या भाताच्या वड्यांचे दोन वाडगे आले. एन्तिन भराभर जेवू लागली. निनिंगने चमचा उचलला, पण तो तोंडापर्यंत पोचेना. रस्सा टेबलावर सांडत होता. तिने चमचा ठेवून हात मांडीवर दाबून धरले.

एन्तिनने पाहिलं. आपला वाडगा बाजूला सारला, निनिंगचा उचलून तिच्या तोंडाजवळ नेला आणि चहाच्या चिकाने काळवंडलेल्या बोटांनी तो दोन्हीकडून घट्ट धरून ठेवला.

"सावकाश खा, बू," ती म्हणाली. "गरम आहे."