मावशी नसलेलं नाटक

मी एक जुना, तीन घड्यांचा पडदा आहे. दवाखान्यात तपासणीच्या खाटेशी उभा असतो ना, लोखंडी चौकटीचा, पायाला चाकं असलेला, तोच. मित्रांनो, तुम्ही मला नक्की पाहिलं असेल. पण लक्षात ठेवलं नसेल.

माझी हाडं एका लोहाराने सांधली आणि अंगावरचं हिरवं कापड एका शिंपीणबाईंनी शिवलं. मशीन चालवताना त्या गुणगुणायच्या,

हिरव्या कापडा, घाल लेकीवर सावली,
परक्या दारात हो रे तूच तिची माउली.

नवा होतो तेव्हा माझं काय कौतुक! जखम दाखवायला लाजणाऱ्या बायका माझ्याआड आल्या की सुस्कारा सोडायच्या. मोठे डॉक्टर म्हणायचे, "हा पडदा म्हणजे आपल्या खोलीची अब्रू." मी फुगायचो. खरं तर पंख्याच्या वाऱ्याने फुगायचो, पण मला वाटायचं कौतुकानेच.

एकदा मला वरच्या सभागृहात नेलं. तिथे शिबिर होतं. कामाचं आमिष दाखवून आणलेली, विकलेली, कोंडून राबवलेली माणसं कधीतरी दवाखान्यात येतातच. त्यांना ओळखायचं कसं, हे डॉक्टरांना आणि सिस्टरांना शिकवायचं होतं. चित्रं झाली, भाषणं झाली आणि शेवटी नाटक. मंचावर एक खाट आणि मी. एका सिस्टरने व्हायचं फसवलेली मुलगी, आमच्या खोलीत मलमपट्टी करणाऱ्या ताईंनी प्रश्न विचारायचे. ताईंचा आवाज खणखणीत.

"बाळ, तुला कुणी डांबून ठेवलंय का?"

मुलगी झालेली सिस्टर हुंदके देत सगळं सांगून मोकळी झाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. शिकवणारे साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही तर नटीच निघालात!"

नाटकात एक पात्र कमी होतं. ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

थोड्याच दिवसांनी ते पात्र आमच्या खोलीत आलं. इस्त्रीचे कपडे, तोंडात साखर. सोबत हात पोळलेली एक मुलगी. "माझी भाची हो. वेंधळी मेली, गरम पाणी सांडून घेतलं." नाव विचारलं, मावशीने सांगितलं. वय विचारलं, मावशीने सांगितलं. दुखतंय का, तेही मावशीच सांगू लागली. जणू हात तिचाच पोळला होता.

ताईंना संशय आला. शिबिरात शिकलेलं तेवढं कामी आलं. त्यांनी मुलीला माझ्याआड घेतलं आणि शिकवल्याबरहुकूम, तशाच खणखणीत आवाजात विचारलं, "बाळ, तुला कुणी डांबून ठेवलंय का?"

मुलीने माझं कापड मुठीत धरलं. ओठ हलले. तोच पलीकडून, हातभर अंतरावरून, मावशी हसली.

"अगं, सांग की बाईंना! लाजतेस काय? घरी जायचंय ना आपल्याला?"

"मी मावशीकडेच असते," मुलगी म्हणाली. "बरी आहे." मूठ सुटली.

मलमपट्टी कशीबशी उरकून दोघी निघाल्या. "पट्टी बदलायला उद्या आणा हं!" ताई मागून ओरडल्या.

"आणते की!"

ती मुलगी पुन्हा आली नाही. ताई कितीतरी दिवस दार वाजलं की दचकून बघायच्या.

पुढच्या शिबिरात त्यांनी साहेबांना गाठलं. "साहेब, नाटकात मावशी घाला. तिला खोलीबाहेर कसं काढायचं, ते आधी शिकवा."

"अहो ताई, मावशी आली तर मुलगी बोलणार नाही."

"तेच तर सांगतेय मी!"

"मग नाटकात उरलं काय?" साहेब म्हणाले. "आहे ते छान आहे. लोक रडतात."

आता माझं कापड विटलंय, एक चाक अडतं. खोलीत नवा पडदा आला आणि मी नाटकापुरता सभागृहात उरलो. दर शिबिरात कुणीतरी मुलगी होते, माझ्याआड मोठ्याने रडते आणि टाळ्यांच्या गजरात सुटते. ताई त्या नाटकात काम करत नाहीत.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी शिक्षक, कुणी फौजदार. मला धुवा, माझं चाक बदला, असं मी म्हणणार नाही. घाबरलेल्या माणसाला काही विचारण्याआधी त्याच्याबरोबर कोण आलंय ते बघा. त्या सोबत आलेल्याला गोड बोलून लांब बसवा, दार लावून घ्या आणि मग हळू विचारा. माझ्यावर विसंबू नका. माझ्याआडचं दिसत नाही, ऐकू मात्र सगळं जातं.

ती बोलणार होती हो. मी तिच्या अगदी जवळ होतो.