हळदूची अक्षरं

गोंदियात मुन्नालाल सेठच्या छापखान्यात शालीकराम लाकडी अक्षरं कोरायचा. तान्हं लेकरू गेलं तशी त्याची बायको सावित्री बोलेनाशी झाली, आणि दिवाळीनंतर एका दुपारी दार उघडं टाकून निघून गेली. विहिरी पाहून झाल्या, माहेर झालं, स्टेशन झालं. मग त्यानं शिशाच्या बारीक टायपात तिच्या नावाचे कागद छापून फुलचूरच्या वाटेवर चिकटवले. माणसं न पाहता पुढं जात.

"मुंग्या चालल्यावानी दिसून राहिल्या," एक गाडीवान म्हणाला. "कोण वाचते?"

शालीकराम हळदूच्या पिवळ्या लाकडाची फळी घेऊन बसला. चालत्या बैलगाडीतून दिसावं, अक्षर अक्षर जुळवत वाचणाऱ्यालाही कळावं, असं काहीतरी त्याला हवं होतं. हाताच्या लिखाणातली सगळी वळणं त्यानं काढून टाकली. 'व'चं पोट कंपासनं आखलेलं पुरं वर्तुळ, काना पट्टीसारखा सरळ, शिरोरेखा विटेएवढी जाड. 'ह'नं मात्र रडवलं. एकाखाली एक दोन अर्धवर्तुळं बसवली तेव्हा कुठं तो उभा राहिला. बोटं फुटली, तरी उलटी अक्षरं कोरता कोरता तो सावित्रीशी बोलत होता.

'सावित्री हरवली' असा पहिला कागद निघाला, तो समोरच्या पानवाल्यानं रस्त्यापलीकडूनच वाचला.

मुन्नालाल बघतच राहिला. "क्या चीज बनवली, शालीकराम! कागद माझा, शाई माझी, पाहिजे तेवढे छाप. पण ही अक्षरं मला बिडीच्या जाहिरातीला लागतील."

"घ्या सेठ. काय पाहिजे ते घ्या."

होळीपर्यंत नाक्यानाक्यावर, झाडाझाडावर त्याच अक्षरांतले बिडीचे कागद लागले. चैत्रात शालीकराम आपला गठ्ठा घेऊन देवरीच्या बाजारात पोचला. चिकटवलेल्या कागदाकडे कुणी मान वळवेना. त्यानं एकाचा दंडच धरला.

"वाच ना भाऊ!"

"कायले वाचू? अक्षरावरूनच समजते. बिडीचा हाये."

शालीकरामच्या हातातला गठ्ठा गळून पडला. भर बाजारात तो सावित्रीच्या नावानं ओरडू लागला. पोरं हसली. मोहफुलं विकणारी मंगली तेवढी उठून आली.

"कपाळावर गोंदन, अन् बोलत नाई, तेच का? आमच्याजवळ होती. मोहफूल वेचे. झोळीतलं लेकरू दिसलं का हालवत बसे."

"कुठं आहे?"

"अमावशेले चालली गेली. रायपूरच्या वाटेनं."

"माझा कागद नाही दिसला तुम्हाला?"

मंगलीनं मागच्या झाडाकडे हात केला. तिथं त्याचाच कागद होता, आधी गाडीवानांच्या हाती पाठवलेल्यांतला, उन्हानं पिवळा पडलेला. "मले वाचता नाई येत, बाबा. गुरुजीले इचारलं. तो दुरूनच म्हने, बिडीचा हाये."

शालीकराम रायपूरच्या रस्त्याला लागला. पहिल्या गावाशी पोचेपर्यंत हाका मारून मारून त्याचा घसा बसला. मग तो दारोदार थांबून, आपल्याच कपाळावर बोट ठेवून विचारू लागला.