न मारण्याचा लुडो

बाबांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले आणि नंदनवन वस्तीतल्या घरात आम्ही तिघं उरलो: आई, माझा धाकटा भाऊ शालिकराम आणि मी. दुपारी शालिकने कपाटावरून लुडोचा जुना खोका काढला आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. वर्षश्राद्धाला बाबांच्या शाळेतल्या मुलांना दोनशे लुडो वाटायचे, असं त्याने ठरवलं होतं. साधे नाही, बाबांच्या नियमांचे. खोक्याच्या झाकणावर आतून बाबांनी निळ्या शाईत लिहिलेले नियम जसेच्या तसे छापायचे आणि सुरुवातीला एक पान माझं.

"तू वाचणारी-लिहिणारी आहेस, ताई. बाबाले हे काहून सुचलं, तेवढंच लिही. मुलांनी भांडू नये म्हणून, लोभ वाढावा म्हणून."

तेरा दिवस मी हेच ऐकत होते. भेटायला येणारा प्रत्येक मास्तर सांगायचा, मनोहररावांनी लुडोतली मारामारी काढून टाकली, काय माणूस. मी मान हलवायची आणि चहाचे कप उचलायची.

नियम तीनच होते. दुसऱ्याची गोटी मारायची नाही. एका घरात दोन गोट्या आल्या तर पाहुण्यासारखं शेजारी थांबायचं. ज्याच्या चारही गोट्या आधी पोचतील त्याने मागे राहिलेल्यासाठी फासा टाकायचा. सगळ्यांच्या पोचल्या की सगळे जिंकले.

हे सुचलं १९६३च्या दिवाळीच्या सुट्टीत. मी अकरा वर्षांची, शालिक आठ. त्याआधी दोन वर्षं बाबा माझ्याशी रोज संध्याकाळी खेळत, आणि मला सोडून देत नसत. चौथी गोटी पोचायला दोन घरं उरलेली असताना मारत आणि मांडीवर थाप देऊन हसत. मी त्यांची मारली की "आली मोठी दरोडेखोर" म्हणत आणि तितकेच हसत. कुठली गोटी पळवायची, कुठली दबा धरून ठेवायची, हे मला त्यांनीच शिकवलं. त्या सुट्टीत शालिकही खेळायला बसू लागला. मी त्याला सलग सहा दिवस हरवलं. सातव्या दिवशी त्याने पट उधळला आणि माझ्या हाताला कडकडून चावला. बाबांनी माझ्या हाताला हळद लावली, मग दौत घेऊन बसले आणि झाकणावर नियम लिहिले.

त्यानंतर बाबा माझ्याशी कधी खेळले नाहीत. म्हणजे पटासमोर बसत, पण तो खेळ नव्हता. मी आधी पोचायची आणि मग शालिकसाठी फासा टाकत राहायची. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुले लोकाच्या घरी नांदायचं आहे, बाई. मारायची सवय बरी नाही."

मॅट्रिकला मी शाळेत पहिली आले तेव्हा त्यांनी पेढे वाटले नाहीत. शालिकला वाईट वाटेल, म्हणाले. तीन वर्षांनी तो सेकंड क्लासात पास झाला तेव्हा दोघांचे एकदम वाटले. बर्डीच्या बाजारातून आणलेले, चांगले पेढे होते. मी एकही खाल्ला नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मी कागद परत शालिककडे सरकवला. म्हटलं, एक डाव खेळू, जुन्या नियमांनी. तू जिंकलास तर सांगशील ते लिहीन.

तो हसला. पाटबंधारे खात्यातल्या इंजिनिअरने भरदुपारी लुडो खेळायचा म्हणजे काय, असं काहीतरी पुटपुटला, पण बसला. आई दाराशी तांदूळ निवडत होती. 

फासा त्याच्या बाजूने पडत होता. त्याच्या दोन गोट्या पोचल्या. माझी एक गोटी त्याच्या गोटीपुढे तीन घरांवर उघडी पडली होती, आणि त्याला तीन पडले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भलतीच गोटी तीन घरं हलवली.

"मार ना," मी म्हटलं.

"जाऊ दे, ताई. आपल्यात काय मारायचं?"

किती मोठेपणाने म्हणाला. मी फासा मुठीत आवळून धरला. मारली असती तर निदान हरवण्याच्या लायकीची तरी धरली असती मला.

मला पाच पडले. पाचव्या घरात त्याची गोटी होती. मी एकेक घर मोजत गेले, त्याची गोटी उचलली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

एकोणतीस वर्षांच्या माणसाचा चेहरा लाल झाला.

"बाबाले जाऊन चौदा दिवस झाले, अन् तू हे करून राहिली?" तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला.

आईने सुपातली नजर वर केली नाही. "त्याले हारता येत नाही, तुले माहीत आहे. तुले येते."

"कारण मले बाबानं शिकवलं," मी म्हटलं. "रोज हारवून शिकवलं. मले आवडत होतं ते, आई. मग त्याले काहून नाही शिकवलं? माझंच काहून बंद केलं?"

ती तांदळातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, कोपऱ्यावरच असेल तो, तू हाक मारलीस तर येईल.

मी हाक मारली नाही.

शालिक दिवेलागणीला आला. पटाकडे न पाहता म्हणाला, पान मीच लिहितो. मी म्हटलं, लिही, त्यात माझं नाव घालू नको. त्याने मान डोलावली आणि स्वयंपाकघरात गेला. आईने त्याचं ताट आधीच वाढून ठेवलं होतं.

डाव मी उचलला नाही. सकाळी अमरावतीच्या गाडीसाठी निघाले तेव्हाही तो तसाच मांडलेला होता, आणि पाळी शालिकची होती.