कोठडीतल्या दुपारी

दादा फौजदार झाला, त्या दिवशी त्या घरात कित्येक महिन्यांनी कुणीतरी मोठ्याने हसलं.

खरा फौजदार नव्हे. खऱ्या आयुष्यात तो क्रेन चालवायचा. उंचावरच्या केबिनमध्ये बसून लोखंडी तुळया अशा अलगद खाली ठेवायचा, की खालची माणसं वर बघून हात हलवायची. मग एका सकाळी शिडीवरून पाय सटकला. मणक्याचं ऑपरेशन झालं. हात शाबूत राहिले, पाय लुळे पडले. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. चाकाची खुर्ची त्याच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत जायची आणि तिथून परत यायची, एवढंच काय ते त्याचं जग उरलं.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्याची धाकटी बहीण. चाळिशी जवळ आली होती, केस कानशिलांवर पांढरे व्हायला लागले होते, तरी तो तिला छोटीच म्हणायचा. ती सकाळी एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची आणि जेवायच्या वेळेला घरी यायची. तिथून पुढे दादाच्या हाका सुरू व्हायच्या.

"छोटे, पंखा कमी कर."

"छोटे, तो आवाज कसला गं?"

"छोटे!"

"काय?"

"काही नाही. आहेस ना, ते बघितलं."

छोटीचा स्वतःचा असा एकच विरंगुळा होता. इंटरनेटवरचं एक गाव. समुद्राकाठचं बंदर, त्यात शे-दीडशे माणसं आपापल्या घरून यायची आणि प्रत्येकाने एक सोंग घेतलेलं असायचं. कुणी नावाडी, कुणी वैद्य, कुणी चोर. माईकवर बोलायचं, भांडायचं, धंदा करायचा. जिंकणं-हरणं असं काही नाही, घेतलेलं सोंग नीट निभवायचं आणि दुसऱ्यालाही त्याचं सोंग निभवू द्यायचं. हे दुसरं जमत नसेल त्याला आवरायला दोन पंच होते. एक मास्तर, हे गाव ज्यावर चालायचं तो सर्व्हर त्यांनीच उभा केलेला, कुठल्याशा शाळेत गणित शिकवायचे. आणि दुसरी छोटी. पंचांनी आवाज ऐकवायचा नाही, लिहूनच बोलायचं, आपण कोण ते कुणाला सांगायचं नाही, असा नियमच होता.

तिने एके दिवशी दादाच्या कानांवर हेडफोन चढवले. "पोरखेळ आहे," तो म्हणाला. आठवडाभरात तो सकाळपासून तिथेच असायचा. क्रेनवरून ओरडून ओरडून कमावलेला त्याचा दमदार आवाज गावाला आवडला, आणि जुना फौजदार खेळ सोडून गेल्यावर लोकांनी एकमताने त्याला निवडलं.

आपण पंच आहोत हे छोटीने त्याला सांगितलं नाही. आधी नियम म्हणून. मग जिभेवर येऊन राहून गेलं म्हणून. आणि खरं सांगायचं तर, दादा गावात रमला की हाका बंद व्हायच्या. दुपारी ती खोलीचं दार लोटून घ्यायची आणि पाय भिंतीला टेकवून नुसती पडून राहायची.

अशाच एका दुपारी तिच्यापुढे तक्रार आली. गावात बेकरी चालवणाऱ्या बाईची.

"पंच, मला दिवसातून एकच तास मिळतो. सासूबाई आजारी आहेत, त्या झोपतात तेवढाच. हल्ली तो सगळा तास माझा कोठडीत जातो. फौजदार काही ना काही निमित्त काढून धरतात. कधी दुकानापुढे पिंप ठेवलं म्हणून, कधी उलट बोलले म्हणून. खेळ बंद करून पुन्हा आले तरी कोठडीतच असते. कोंडून घ्यायला मला इथे यायची गरज नाही हो, घरी मी कोंडलेलीच आहे."

फौजदाराने कुणाला धरलं तर त्याला खेळायला काहीतरी द्यायचं, चौकशी करायची, सुटायची वाट ठेवायची, नाहीतर सोडून द्यायचं, हा नियम छोटीनेच लिहिलेला होता. गावात बोललेलं सगळं सर्व्हरवर साठवलेलं असायचं. तिने ते काढून ऐकायला घेतलं.

"साहेब, माझा गुन्हा काय?" बाई विचारत होती.

"सांगतो ना. बसा तर खरं." हा दादाचा आवाज. "तुम्ही कधी उंचावरून गाव बघितलंय? अगदी उंचावरून? माणसांच्या नुसत्या टोप्या दिसतात. वारा असा येतो, की केबिन... म्हणजे डोलकाठी हलते."

"साहेब, माझी भट्टी तापलीय."

"तापू द्या. पळून जातेय का ती?"

दर वेळी असंच. कधी वाऱ्याची गोष्ट, कधी पहाटेच्या धुक्याची, कधी खाली उभं राहून शिट्टी वाजवणाऱ्या एका मित्राची. शेवटी बाई म्हणायची, "सासूबाई उठल्या, मला जायला हवं." आणि दादा विचारायचा, "उद्या याल ना?"

ते "याल ना" ऐकून छोटीने हेडफोन काढून ठेवले. पण उपयोग काय? भिंतीपलीकडून तोच आवाज प्रत्यक्ष येत होता. आज त्याने कुणाला तरी पुन्हा बसवलं होतं.

नात्यातल्या माणसाचं प्रकरण पंचाने हातात घ्यायचं नाही, दुसऱ्याकडे द्यायचं, हाही नियम होता. तिने मास्तरांना लिहिलं, "हे तुम्ही बघाल का?" त्यांचं उत्तर आलं, "पेपर तपासतोय, मान वर करायला वेळ नाही. तूच बघ. तुझ्याइतकं सरळ कुणी तोलत नाही." तिने लिहिलं, "फौजदार माझा भाऊ आहे." ते वाक्य बराच वेळ पडद्यावर तसंच राहू दिलं. मग न पाठवताच पुसून टाकलं.

बेकरीवालीला तिने मोकळं केलं आणि फौजदाराला समज दिली. नुसती समज.

जेवताना दादा धुमसत होता. "कोण हा पंच? एक ओळ लिहितो नि निघून जातो. समोर ये म्हणावं."

"भात घे."

"मी काय बाईला मारलं? गप्पा मारत होतो. बाई असेल का गं पंच?"

"मला काय माहीत," छोटी म्हणाली आणि ताटातला भात उगाच चिवडत बसली.

पुढच्याच आठवड्यात त्याने बेकरीवालीला पुन्हा धरलं. या वेळी चोरट्या मालाचा संशय म्हणून. बाईने तक्रार केली नाही. तक्रारीचा काही उपयोग होतो यावरचा तिचा विश्वास उडाला असावा. निरोप आला तो गावातल्या एका कोळ्याचा. छोटीने तो दुकानात, काच घासता घासता वाचला.

"मागे मी एकाला होडीत अडकवून ठेवलं होतं. गंमत वाटली. तुम्ही मला महिनाभर गावाबाहेर काढलंत. चूक माझीच होती, मी काही बोललो नाही. आता फक्त विचारतो. फौजदारांना वेगळा नियम आहे का?"

हातातली काच यंत्रावर जास्त दाबली गेली आणि कड उडाली.

"लक्ष कुठंय?" दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या. "बरं नाही का?"

"आहे बरं," छोटी म्हणाली.

घरी जाताना जिने चढता चढता ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. मी दादाला वाचवत होते असं तिने स्वतःला सांगून बघितलं, पण ते मनाला पटेना. दादाला काढलं असतं तर तो दिवसभर तिच्या वाटणीला आला असता. तिला दार लोटून पडून राहता यावं म्हणून कुठलीतरी अनोळखी बाई कोठडीत बसली होती, आणि त्या बाईकडे तर तेवढाच तास होता. वरून दादाचा आवाज जिन्यात ऐकू येत होता, रुबाबदार, फौजदारी. छोटीने फोन काढला आणि तिथेच पायरीवर बसून मास्तरांना सगळं लिहिलं. या वेळी काहीही पुसलं नाही.

मास्तरांचं उत्तर संध्याकाळी आलं. "हे आधी सांगायला हवं होतंस. फौजदारकी काढून घेतोय, आणि कोळ्याला लावला तोच नियम, महिनाभर गावाबाहेर. वाईट वाटतंय, पण तुलाही पंच ठेवता येणार नाही. कोळ्याला काय सांगू?"

"हेच सगळं सांगा," तिने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती चपला काढतेय तोच दादाची हाक आली.

"छोटे, हे उघडत नाहीये. नेट बघ जरा."

ती त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "नेट ठीक आहे, दादा. तुला काढलंय. महिन्यासाठी."

"कुणी?"

"मास्तरांनी. पण सांगितलं मी. तो पंच मीच होते."

त्याने हेडफोन सावकाश उतरवून मांडीवर ठेवले. त्याला समजायला वेळ लागला. मग चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी जेवताना बोलत होतो आणि तू समोर बसून ऐकत होतीस?"

"हो."

"तूच मला तिथे नेलंस. तूच!"

"हो. आणि पहिल्यांदाच सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण तू तिला का धरत होतास, दादा?"

"ती बोलायची गं." त्याचा आवाज एकदम खाली आला. "बाकीचे येतात, सलाम ठोकतात, आपल्या कामाला जातात. मी चौकीत एकटा. ती कोठडीत असली म्हणजे... म्हणजे कुठे जाणार होती?"

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली.

"तिला तेवढाच तास मिळायचा," छोटी म्हणाली.

"आणि मला दिवसभर मिळतो. त्याचं काय करू, सांग ना."



दोन दिवस तो बोलला नाही. मग हाका सुरू झाल्या, पूर्वीपेक्षा जास्त. पाणी, उशी, खिडकी, पुन्हा पाणी. छोटी स्टूल घेऊन त्याच्याजवळ बसायची. तो वाऱ्याच्या, धुक्याच्या गोष्टी सांगायचा. त्या तिने सर्व्हरवर ऐकल्या होत्या. या वेळी केबिनच्या जागी डोलकाठी नव्हती, एवढाच फरक. पहिले काही दिवस ती मनापासून ऐकत होती. मग ऐकता ऐकता तिचं लक्ष दाराकडे जायला लागलं. ती उठली की तो लगेच विचारायचा, "कुठे?" अगदी नळ बंद करायला उठली तरी.

मालकीणबाईंनी दुपारीही यायला सांगितलं तेव्हा तिने घरी विषय काढला.

"जा की," दादा म्हणाला. "मी काय तुला धरून ठेवलंय?" आणि मग क्षणभराने, "किती वाजता येशील?"

ती गेली. फोन सारखा वाजत राहिला. रिमोट खाली पडलाय, घसा कोरडा पडलाय, खाली कुणीतरी ओरडतंय. तीन दिवसांनी मालकीणबाईच म्हणाल्या, "राहू दे बाई, तुझा जीव इथे नाही."

महिना संपला. मास्तरांनी कळवलं, बेकरी चालू आहे, फौजदार आता तो कोळीच झालाय, तुझ्या भावाला यायचं तर साधा माणूस म्हणून यावं. छोटीने हे दादाला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजातली आशा तिची तिलाच ऐकू आली.

"नको," तो म्हणाला. "त्या बाईला तोंड कसं दाखवू? तू आहेस ना इथे."

तिने त्याच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. दादा बारीक झाला होता, शर्टाच्या बाह्या खांद्यावरून खाली लोंबत होत्या.

"दादा, उद्यापासून दुपारचा एक तास मी माझ्या खोलीत असेन. दार बंद करून. त्या तासात हाक मारायची नाही."

"आणि मारली तर?"

"मारलीस तरी मी येणार नाही."

"पडलो तर?"

"पडलास तर येईन. पण खोटं खोटं पडायचं नाही."

तो हसला नाही. ती त्याला हसवायला बोललीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने पाण्याची बाटली, औषध, रिमोट, सगळं त्याच्या हाताशी ठेवलं आणि आपल्या खोलीत जाऊन कडी लावली. पलंगावर आडवी झाली.

"छोटे!"

तिने चादर मुठीत धरली.

"छोटे, अगं ऐक ना. थोडंसंच काम आहे."

ती उठली नाही. आपण कुणाचं काही चोरून बसलोय असं तिला वाटत होतं. पुढची हाक आली नाही, आणि ते हाकेपेक्षा अवघड होतं. घरात इतकी शांतता होती, की तिला स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मग खुर्चीची चाकं फिरल्याचा आवाज आला. चाकं खोलीतून निघाली, उंबऱ्याच्या पट्टीवर जराशी अडखळली, आणि तिच्या दारापाशी येऊन थांबली.

दाराच्या फटीतून त्याच्या पायांची सावली आत आली होती. तिकडे बघत ती पडून राहिली, तास संपायची वाट बघत.