न लागलेला चटका

मी तवा बोलतोय. लोखंडाचा, मधोमध जरासा खोलगट. कोंडाजी लोहाराने मला घडवलं आणि इगतपुरीच्या बाजारातून कुसाबाईने घरी आणलं. तिचा मुलगा गोरक्ष रेल्वेत खलाशी. तिथल्या पावसात कोरडी ऊब काय ती चुलीपाशी, म्हणून सगळं घर माझ्याभोवती बसायचं.

माणसांच्या हातांची मला चांगली पारख आहे. नागलीची भाकरी उलटताना कितीही सराईत बाई असो, कधीतरी बोट मला लागतंच. मग हात झटकन मागे जातो आणि थेट कानाची पाळी धरतो. कुसाबाई तर वर मला शिव्याही घालायची. त्या शिव्या आता आठवतात आणि गोड वाटतात.

गोरक्षचं लग्न झालं, लंकाबाई आली. सुरुवातीला तिचाही हात कानाकडे जायचा. पुढे उजव्या मनगटाच्या वर एक फिकट डाग आला आणि तो हात कानाकडे जाईनासा झाला. बोट माझ्यावर टेकलेलं, कातडी करपल्याचा वास येतोय आणि ही आपली खुशाल गप्पा मारतेय. मला धडकीच भरली.

कुसाबाई मात्र शेजारणींना बोलावून दाखवायची. "आमच्या लंकाचा हात बघा. नुसत्या बोटांनी भाकरी उलटिती, हूं नाय की चूं नाय." लंकाबाई लाजायची. त्या कौतुकापायी तिने उलथनं वापरणंच सोडलं.

"डाग दवाखान्यात दाखवू का?" गोरक्षने एकदा विचारलं.

"शिबं हाय ते. करंजाचं तेल लावीन," कुसाबाई म्हणाली. "खाजत नाय, दुखत नाय. दवाखाना कशापायी?"

घरात खरूज झाली तेव्हा हेच लोक दवाखान्यात धावले होते, कारण खाज झोपू देत नव्हती. हा डाग गप्प होता आणि त्याचं गप्प असणंच वाईट होतं. मला ओरडता येईना. थंड होणंही माझ्या हाती नव्हतं. चूल पेटली की मी तापणारच.

फोड आले, चिघळले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं, तेव्हा कुठे गोरक्षने तिला नाशिकला डॉक्टरकडे नेलं. परत आल्यावर तो चुलीपाशी बसून आईला सांगत होता, "हिला डोळे झाकायला लावले अन् डागावर कापूस फिरवला. हिला कायबी कळंना. महारोग हाय. सुया घ्याव्या लागतील. आधी आणली असती तर बोटं सरळ राहिली असती, डाक्टर म्हनला."

शेजारणी यायच्या बंद झाल्या. लंकाबाईची चूल मागच्या पडवीत मांडली गेली आणि तिच्याबरोबर मीही तिथे आलो.

आता तिला भाकरी थापता येत नाही. कुसाबाईच येते, थापते, भाजते. काल तिचं बोट मला लागलं आणि हात कानाकडे गेला. लंकाबाई टक लावून बघत होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "कसं लागतं वो ते? मी इसरले."

कुसाबाई कानाची पाळी धरून तशीच बसून राहिली. माझ्यावरची भाकरी करपली तरी कुणी ती उलटली नाही.

उद्याही चूल पेटेल, मी तापेन. माझ्याने दुसरं काय होणार? पण तुमच्या घरात एखादा हात तापल्या तव्यावर टेकला आणि मागे आला नाही, तर त्याचं कौतुक करू नका. जवळ बसून एवढंच विचारा, "बाई, तुला लागलं का?"