पाच फूट नऊ इंचांची सेंटर

*बायोडेटा*
नाव: कु. हर्षिता जगन्नाथ गजभिये. उंची: ५ फूट ९ इंच. वर्ण: गव्हाळ. आवड: वाचन, रांगोळी, थोडा खेळ.

यातलं नाव खरं आहे.

रांगोळी हर्षिताने आयुष्यात एकदाच काढली, आणि पाहुणे यायच्या आत आईने ती पुसली. 'थोडा खेळ' म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या हायस्कूलच्या बास्केटबॉल संघात चार वर्षं सेंटर. सेंटर म्हणजे संघातली सर्वांत उंच मुलगी. बास्केटखाली उभं राहायचं, कोपरं खायची, कोपरं द्यायची आणि हुकलेले चेंडू हवेतून ओढायचे. हर्षिता हे सगळं मनापासून करायची. कोपरं तर फारच.

आणि उंची?

गजभियांच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. बाबा, म्हणजे जगन्नाथ, गाड्यांच्या सीट्स डिझाइन करतात, त्यामुळे डोक्यावर गुण्या धरून, बाजूला तारीख टाकून, मिलिमीटरपर्यंत रेघ. रेघा पाच फूट नऊला थांबतात. हर्षिता तेव्हा तेरा वर्षांची होती.

"बस झालं," आई म्हणाली.

"काय बस झालं? मोजणं की वाढणं?" बाबांनी विचारलं.

"दोन्ही."

मोजणं थांबलं. पुढचे चार इंच हर्षिता विनापरवाना वाढली.

त्याच चौकटीशेजारी आईबाबांच्या लग्नाचा फोटो आहे. बाबा आईपेक्षा दोन बोटं उंच. फोटोत कुणाचेच पाय दिसत नाहीत.

*कॉलेज कोचेससाठी ऑनलाइन प्रोफाइल*
जागा: सेंटर. उंची: ५-९. संपर्क आणि पासवर्ड: प्रीता गजभिये (आई).

घरातले सगळे फॉर्म प्रीता भरते. व्हिसा, ग्रीन कार्ड, शाळा, दातांचा डॉक्टर. एका हातात चहा, दुसऱ्या हाताने टाइप. 'हाइट'चा रकाना आला की तिचा हात आपोआप पाच नऊ लिहितो, जसा दुसऱ्या कुणाचा हात पत्राच्या वर 'श्री' लिहितो. त्यात कपट नव्हतं. न्यू जर्सीत बसून अर्ध्या अमेरिकेची लग्नं जुळवणाऱ्या राधामावशीने सांगून ठेवलं होतं, "पाच नऊच्या वर गेलीस ना प्रीता, तर मुलं मिळणार नाहीत, नुसते विजेचे खांब मिळतील."

मोठमोठ्या कॉलेजांचे कोच शेकडो प्रोफाइल चाळतात. पाच नऊची सेंटर दिसल्यावर त्यांनी काय केलं असेल? हसले असतील आणि पुढचं पान उघडलं असेल. हर्षिता वर्षभर ईमेलची वाट पाहत राहिली. मग तिने मनाशी ठरवून टाकलं की आपण काही तितक्या चांगल्या नाही. सतराव्या वर्षी माणूस हे फार पटकन ठरवतं.

एवढ्या काळात तिची उंची फक्त एका ठिकाणी उघडपणे वापरली गेली. चौदा एप्रिलला, भाड्याच्या हॉलमध्ये.

"शिडी कशाला आणता? हर्षिताला बोलवा." आणि ती चवड्यांवर उभी राहून निळं बॅनर बांधायची, खाली काकू लोक म्हणायचे, "डावीकडे. अजून. बापरे, किती वाढलीये!"

"पाच नऊ," आई म्हणायची.

*कॉलेजच्या संघाची यादी*
क्र. ४४. हर्षिता गजभिये. सेंटर. ५-९.

शेवटी मक्याच्या शेतात वसलेल्या एका लहान कॉलेजने घेतलं. खेळासाठी स्कॉलरशिप नाही, सामन्यांना प्रेक्षक तीस, त्यात सोळा जण खेळाडूंचे आईबाप. पहिल्या दिवशी तिथल्या कोचने यादी पाहिली, हर्षिताला पाहिलं, पुन्हा यादी पाहिली आणि तो इतका हसला की त्याला बसावं लागलं.

हर्षिताला तेव्हा कळलं. तिने होस्टेलच्या जिन्यातून घरी फोन लावला.

"मॉम, यू वेअर रायटिंग फाइव्ह नाइन? एव्हरीव्हेअर?"

"अगं, राऊंड फिगर."

"नाइन इज नॉट राऊंड, मॉम!"

"बरं, बदलते."

बदललं नाही. कोचनेच नको म्हटलं. समोरचा संघ यादी वाचून हर्षितासमोर बुटकी मुलगी उभी करायचा, आणि हर्षिता तिच्या डोक्यावरून आरामात चेंडू घालायची. चार वर्षं हा फसवणुकीचा धंदा उत्तम चालला. इतका, की हर्षिताला वाटायला लागलं, आपण पुढेही खेळू शकतो. पैसे घेऊन. व्यवसाय म्हणून. शेवटच्या वर्षी हे वाटणं इतकं वाढलं की तिला दुसरं काही वाटेनासं झालं.

*टोलेडो टगबोट्स, निवड चाचणी*
तुमचा गट: गार्ड. वेळ: शनिवार, सकाळी ९.

टगबोट्स हा लेक्स लीगमधला संघ. लेक्स लीग म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलच्या इमारतीचं तळघर. सामने शाळेच्या जिममध्ये, प्रवास बसने, मध्यंतरात पिझ्झाची सोडत. पण जर्सीवर नाव असतं आणि करारावर सही असते. हर्षिताला तेवढंच हवं होतं. आणि ही शेवटची संधी होती, कारण सोमवारपासून बाबांच्या ओळखीने एका ऑफिसात नोकरी सुरू होणार होती आणि आईने तिच्यासाठी फॉर्मल शर्टही आणून ठेवले होते.

या वेळी फॉर्म तिने स्वतः भरला होता. सहा एक. पण लीगच्या ऑफिसने तो जुन्या प्रोफाइलशी ताडून पाहिला, कॉलेजच्या यादीशी ताडून पाहिला आणि ड्रायव्हिंग लायसन्सशी ताडून पाहिला. लायसन्स काढताना खिडकीवर उत्तरं कुणी दिली होती हे सांगायला नकोच. सगळीकडे पाच नऊ. ऑफिसने मुलीचा खोटेपणा दुरुस्त केला आणि तिला गार्डांमध्ये टाकलं. गार्ड म्हणजे चपळ, बुटक्या, चेंडू टप्पे देत पळवणाऱ्या.

शनिवारी जिमच्या दारातला कागदवाला माणूस हप्त्याहप्त्याने वर बघत गेला. पोट, खांदे, चेहरा.

"पाच नऊ?"

"जुने फॉर्म माझ्या आईने भरलेत."

"सेंटरांचा गट दुपारी आहे. बारा जागा, त्या भरल्या. तू इथेच खेळ."

शेळ्यांच्या कळपात उंट सोडला. खेळ सुरू झाल्यावर बुटक्या मुलींनी अकरा वेळा तिच्या हातातला चेंडू काढून नेला. एकीने तर तिच्या पायांमधून. पण हुकलेला प्रत्येक चेंडू मात्र हर्षिताच्या हातात. प्रत्येक.

कोच डोनाने शिट्टी मारली. ती स्वतः जुनी सेंटर, दोन्ही गुडघे बदललेले, तोंडात च्युइंगम.

"वीस वर्षं मुली माझ्याशी उंचीबाबत खोटं बोलतायत," ती म्हणाली. "सगळ्या वरच्या दिशेने. खालच्या दिशेने खोटं बोलणारी तू पहिली. का?"

"लग्नासाठी."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"अभिनंदन. कधी आहे?"

"नाहीये."

डोनाने च्युइंगम एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "दुपारची एक मुलगी आलेली नाही. जागा आहे. पण ऑफिसच्या नोंदीत तू पाच नऊ आहेस आणि सहा फुटांखालची सेंटर ते मंजूर करत नाहीत. प्रोफाइल आईच्या नावावर आहे ना? मग दुरुस्तीवर तिचीच सही हवी. कुठेय ती?"

ती बाकांवर होती. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात पोळीभाजी, हातात फोन, फोनवर व्हिडिओत राधामावशी. शेजारी बाबा.

"बेलव्ह्यूचा निमिष. घरचे फार चांगले आहेत," मावशी सांगत होती. "फक्त उंचीचं पुन्हा विचारतायत."

तेवढ्यात डोना समोर येऊन उभी राहिली. "मॅडम, तुमची मुलगी किती उंच आहे?"

"कोण विचारतंय गं?" फोनमधून आवाज आला. "निमिषकडचे का? पाच नऊ सांग!"

आईचं तोंड उघडलं. 'फाइव्ह'पर्यंत आलंसुद्धा.

"आई," हर्षिता म्हणाली. वाद घालताना ती कधी मराठीत बोलत नसे. "मला खेळायचंय गं."

आईने मुलीकडे पाहिलं, म्हणजे मान वर केली. मग फोन बाकावर ठेवला. चालूच.

"अहो, टेप काढा."

टेप बाबांच्या पट्ट्याला असतेच. "सकाळचीच वेळ बरी," ते म्हणाले. "संध्याकाळी मणका दबतो."

हर्षिताने शूज काढले आणि भिंतीला पाठ लावली. आई चप्पल सोडून बाकावर चढली, डब्याचं झाकण पुसून मुलीच्या डोक्यावर आडवं धरलं.

"ताठ उभी राहा," ती म्हणाली. नऊ वर्षं ती 'जरा वाकून राहा' म्हणत आली होती.

बाबांनी खालून टेप धरली. आईने वरून आकडा वाचला, एकदा मनात, एकदा मोठ्याने.

"सिक्स वन. नो शूज."

"प्रीता!" बाकावरून फोन किंचाळला.

"आणि मी पाच सात आहे," आई डोनाला म्हणाली. डोनाने विचारलं नव्हतं. "बायोडेटात पाच चार होते. त्याआधी खरी लिहिली होती, तर सात स्थळं परत गेली. लग्नाच्या फोटोत हे विटेवर उभे आहेत."

"दीड विटेवर," बाबा म्हणाले.

"ओके," डोना म्हणाली आणि पेन पुढे केलं.

आईने बाकावर उभ्याउभ्याच सही केली.

दुपारी हर्षिता आपल्या मापाच्या मुलींमध्ये खेळली. नाकातून एकदा रक्त आलं, दुसऱ्या एकीच्याही आलं. संध्याकाळी डोनाने तिला बाजूला घेऊन दहा सामन्यांचा करार हातात ठेवला. फॉर्मल शर्ट बाबांनी परत करून टाकले. पावती त्यांनी जपून ठेवलीच होती.

*टोलेडो टगबोट्स, अधिकृत यादी*
क्र. ४४. हर्षिता गजभिये. सेंटर. ६-३.

आईने त्याच दिवशी डोनाला फोन केला.

"हे दोन इंच कुठून आले?"

"बुटांचे."

"बुटांचा सव्वा होतो. मिस्टरांनी मोजलाय. उरलेला पाऊण?"

"मॅडम, सगळे संघ वाढवतात."

"असं खोटं लिहिणं बरं नव्हे," प्रीता गजभिये म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?" आणि त्यांनी दुरुस्तीचा ईमेल पाठवला. सोबत झाकणासह फोटो.

पहिल्या बाहेरगावच्या सामन्याला निघालेल्या बसमध्ये हर्षिता गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. मावशीचा फोन आला.

"निमिषच्या घरच्यांनी तुझी यादी पाहिली. घाबरलेत. पण म्हणतात, तोही सहा आहे. भेटशील?"

"भेटेन ना, मावशी. शूज काढून यायला सांग त्याला," हर्षिता म्हणाली. "झाकण आईकडे आहे."