वर्षाचा मोबाईल वाजतो

धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेल्या थैलीत वर्षाचा मोबाईल पुन्हा टुणटुणला, आणि बबिताने बोंडातला कापूस असा ओढला की पऱ्हाटीची फांदीच हातात आली.

"बाई, झाडावर कायले राग काढता?" शेजारच्या ओळीतून वर्षा हसली.

"तुया मोबाईलले म्हना दम खाय जराक. कान किटले."

"मी काय करू? आठवण येते त्यायले."

बबिताने पुढच्या बोंडाला हात घातला. त्याच थैलीत तिचाही मोबाईल होता, सकाळपासून मेल्यासारखा पडलेला.

दोघी सख्ख्या जावा, फुलसावंगीजवळच्या तांड्यात भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. नवरेही एकाच दिवशी वणीला गेलेले, एकाच मालकाचे कोळशाचे ट्रक चालवायला. थोरला लखन बबिताचा, धाकटा ओम वर्षाचा. मग एकीचा मोबाईल दिवसभर वाजतो आणि दुसरीला आठवड्यातून एकदा 'गाडीत हाये, मंग बोलतो' एवढंच ऐकू येतं, हा कुठला न्याय?

वर्षाला वाचता येत नव्हतं. आईबापामागे ऊसतोडीला फिरण्यात शाळा राहून गेली. एकदा तिने वाजलेला मोबाईल लांबूनच बबितासमोर धरला होता. दहावी झालेल्या बबिताने वाचलं, "तुमची फार आठवण येतेय." पुढचं वाचायच्या आतच वर्षाने लाजून मोबाईल छातीशी घेतला. बबिताच्या घशात ते 'तुमची' कितीतरी दिवस अडकून राहिलं. बायकोला अहोजाहो! लखन तिला 'अय' म्हणून हाक मारायचा. तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोललीच नाही. भावाकडून शिका जरा, एवढं म्हणायची आणि फोन कापायची.

दुपारी दोघी भाकर खायला बाभळीखाली बसल्या. वर्षाने मोबाईल पुढे केला.

"बाई, सकाळी त्यायनं बोलून धाडलं, पन ते लागतच नाही. मोबाईलमधली जागा भरली असन, मागंबी असंच झालं होतं. साफ करून द्या ना."

बबिताने हात पदराला पुसले. दुसरीच्या नवऱ्याचं प्रेम वाचायला मिळावं असं तिला कितीदा वाटलं होतं. आज ते आपण होऊन हातात आलं.

तिने पडद्यावर वरून खाली बोट ओढलं. सोन्याच्या दुकानाची सूट. पत्ते खेळा. आजचं भविष्य पाहा. घरबसल्या कर्ज घ्या. ओमचं एक अक्षर नाही. आणि मधेच, हिरव्या चित्राशेजारी, ते: "तुमची फार आठवण येतेय. तुमचं शेत वाट पाहतंय." बोटाने खोटी शेती करायचा खेळ होता तो. व्हिडिओ पाहता पाहता वर्षाचं बोट जाहिरातींवर पडत गेलं आणि ही सगळी ॲप आत शिरून बसली.

बबिताला आधी हसू फुटलं. मग अंगाचा तिळपापड झाला. या खेळण्यापायी आपण जळत होतो? या खेळण्यापायी नवऱ्याशी तोंड वाकडं केलं?

"काय काढून राह्यल्या, बाई?"

"कचरा."

दागिने गेले, पत्ते गेले, भविष्य गेलं. शेतीचा खेळ तिने शेवटी ठेवला, ताटातला गोड घास ठेवतात तसा. त्यावर बोट गरजेपेक्षा जोरात दाबलं. वाज आता, ती मनात म्हणाली.

जागा झाली तसा ओमचा सकाळचा बोललेला निरोप मोबाईलवर उतरला. वर्षाने घाईने स्वतःच बोट लावलं.

"वर्षा, रोज बोलून धाडतं तू, 'तुमचं लिहिलेलं भेटलं, मलेबी आठवण येते' म्हणून. मी तं तुले काहीच लिहिलं नाही. मंग कोन लिहिते? मोबाईलमधलं काही पुसू नको. उद्या येऊन पाहतोच मी."

बबिताच्या हातातला घास हातातच राहिला.

"मस्करी करून राह्यले," वर्षा म्हणाली. तिचा चेहरा उजळून निघाला होता. "पन येतो म्हणते ना, बाई? उद्या?"

ती अर्धी भाकर टाकून उठली. उरलेल्या ओळी आजच वेचते म्हणाली, उद्या डोक्यावरून न्हायचं आहे.

साफ झालेला मोबाईल बबितासमोर पडला होता. जे दाखवून ओमचं तोंड बंद करता आलं असतं, ते तिनेच पुसलं होतं. संशय घेऊन घरी आलेला नवरा काय करतो, हे बाईच्या जातीला कोणी शिकवावं लागत नाही. आणि त्याला मोबाईल असा कोरा सापडला तर?

तरीही आत एक काटा सलत होताच. ओम भांडायला का होईना, येत होता. लखनला तिच्यावर संशय घ्यायचीही फुरसत नव्हती.

तिने थैलीतून आपला मोबाईल काढला, ओमचं नाव शोधलं आणि माईक दाबून धरला.

"भाऊजी, बबिता बोलून राह्यली. वर्षाच्या मोबाईलवर कोनी नाही. खेळाची जाहिरात होती ते, आठवण येते म्हणून वाजे. तिले वाचता येत नाही, आन् मीच तिले चुकीचं वाचून देल्लं. आज पुसलंबी मीच. तिले बोट लावसान तं माह्याशी गाठ हाये."

अंगठा अजून माईकवरच होता. ओळीत वर्षा भराभरा वेचत होती, ओठांत काहीतरी गुणगुणत. बबिता तिच्याकडे पाहत राहिली.

"आन् तुमच्या भावाले सांगा," तिचा आवाज एकदम बारीक झाला, "बबिताच्या मोबाईलवरबी कोनाले तरी आठवण येऊन राह्यली म्हणा. येऊन पाहा म्हणा."

तिने अंगठा उचलला आणि निरोप गेला.